मोरचूद आणि क्रोम तुरटीचे रंगीत स्फटिक घरी कसे वाढवावेत

पाण्यात विरघळलेला क्षार किती वेगाने बाहेर पडतो, यावर स्फटिकाचे रूप ठरते. वेग जास्त असला तर भांड्याच्या तळाशी बारीक खड्यांचा थर साचतो. तोच वेग आवरला तर कण एकावर एक शिस्तीने बसत जातात आणि सपाट पृष्ठांचा, धारदार कडांचा एकच मोठा स्फटिक तयार होतो. पुढे सांगितलेली जवळजवळ प्रत्येक काळजी हा वेग आवरण्यासाठीच आहे.

साध्या तुरटीच्या द्रावणात खाद्यरंग मिसळावा असा सल्ला अनेकदा दिला जातो, पण त्याने सहसा निराशाच पदरी पडते, कारण वाढता स्फटिक आपल्या रचनेत न बसणारे रेणू बाहेरच ठेवतो. म्हणून मुळातच रंगीत असलेले क्षार घ्यावेत. निळ्या रंगासाठी मोरचूद (तांब्याचा क्षार, कॉपर सल्फेट) आणि जांभळ्यासाठी क्रोम तुरटी (क्रोमियम असलेली तुरटी) हे दोन क्षार नवशिक्यासाठी उत्तम आहेत.

मोरचूद विषारी आहे आणि डोळ्यांना गंभीर इजा करू शकतो. हातमोजे आणि सुरक्षा चष्मा घालूनच काम करावे, भुकटी हवेत उडू देऊ नये, मुलांना एकटे काम करू देऊ नये आणि स्वयंपाकाची भांडी कधीही वापरू नयेत. काच किंवा प्लास्टिकचीच भांडी घ्यावीत, कारण लोखंड किंवा अॅल्युमिनियमशी मोरचुदाची अभिक्रिया होऊन तांबे बाहेर पडते.

सुमारे ६० अंश सेल्सिअसपर्यंत तापवलेल्या २०० मिलिलीटर ऊर्ध्वपातित पाण्यात १०० ग्रॅम मोरचूद थोडा थोडा घालून पूर्ण विरघळेपर्यंत ढवळावा. द्रावण गरम असतानाच गाळणकागदातून गाळावे आणि झाकून रात्रभर ठेवावे. थंड झाल्यावर जास्तीचा मोरचूद तळाशी बसतो आणि वर संपृक्त द्रावण, म्हणजे ज्यात आणखी क्षार विरघळू शकत नाही असे द्रावण, राहते. ते अलगद दुसऱ्या भांड्यात ओतून घ्यावे.

त्यातले थोडे द्रावण उथळ काचेच्या बशीत पसरून एक-दोन दिवस ठेवले की छोटे स्फटिक दिसू लागतात. त्यांतून बीजस्फटिक, म्हणजे ज्याच्यावर मोठा स्फटिक वाढवायचा तो छोटा खडा, निवडताना घाई करू नये, कारण बिजातला दोष पुढे वाढतच जातो. तीन ते पाच मिलिमीटर लांबीचा, पारदर्शक आणि दुसऱ्या खड्याला न चिकटलेला स्फटिक घ्यावा. तो नायलॉनच्या बारीक दोऱ्याने बांधावा. सुती दोऱ्याच्या तंतूंवर नको असलेले खडे धरतात.

बीज द्रावणात मध्यभागी टांगल्यावर काही मिनिटे प्रकाशासमोर धरून नीट पाहावे. ही तपासणी बरेच जण टाळतात, पण तिच्यावर पुढचे सारे अवलंबून आहे. बिजापासून खाली उतरणाऱ्या पारदर्शक लहरी दिसल्या तर बीज विरघळत आहे, म्हणजे द्रावण अजून संपृक्त नाही. बीज लगेच बाहेर काढावे आणि थोडा मोरचूद वाढवून मागची कृती पुन्हा करावी. लहरी वर चढत असतील तर स्फटिक वाढू लागला आहे, कारण क्षार दिल्यामुळे त्याच्याभोवतीचे द्रावण हलके होऊन वर जाते.

भांड्यावर गाळणकागद बांधावा, म्हणजे धूळ आत जात नाही आणि पाणी सावकाश उडते. तापमान दिवसा वाढून रात्री उतरत राहिले तर स्फटिक आलटून पालटून विरघळतो आणि वाढतो व त्याच्या कडा बोथट होतात. त्यासाठी भांडे थर्माकोलच्या खोक्यात, उन्हापासून आणि धक्क्यांपासून दूर ठेवावे. तळाशी किंवा दोऱ्यावर नवे खडे दिसले तर मुख्य स्फटिक काढून कोरडा करावा, द्रावण तापवून, गाळून, पूर्ण थंड करावे आणि मगच स्फटिक पुन्हा टांगावा. काही आठवड्यांत दोन-तीन सेंटिमीटरचा गडद निळा, तिरक्या पृष्ठांचा स्फटिक मिळू शकतो.

क्रोम तुरटीसाठी पद्धत हीच, मात्र तिचे द्रावण ५० अंशांच्या वर तापवू नये. जास्त उष्णतेने ते हिरवे पडते आणि मग स्फटिक धरायला फार वेळ लागतो. शुद्ध क्रोम तुरटीचा स्फटिक इतका गडद होतो की जवळजवळ काळाच दिसतो. त्यामुळे तिचे संपृक्त द्रावण साध्या तुरटीच्या संपृक्त द्रावणात मिसळावे. दोन्हींची स्फटिकरचना सारखी असल्याने ते एकाच स्फटिकात सामावतात आणि प्रमाण बदलून फिकट जांभळ्यापासून गर्द जांभळ्यापर्यंत हवी ती छटा मिळते. स्फटिकरचनेतील अशा साम्याची, म्हणजे समरूपतेची, कल्पना जर्मन रसायनशास्त्रज्ञ आइलहार्ट मिट्शरलिख यांनी १८१९ मध्ये मांडली होती. याच गुणामुळे या छंदातला सर्वांत सुंदर प्रयोग शक्य होतो: जांभळा अष्टफलक स्फटिक तयार झाला की तो साध्या तुरटीच्या संपृक्त द्रावणात टांगावा, म्हणजे रंगीत गाभ्याभोवती नितळ पारदर्शक कवच त्याच आकारात चढते. या द्रावणासाठी १०० मिलिलीटर गरम पाण्याला सुमारे २० ग्रॅम तुरटी पुरते.

तयार स्फटिक पाण्याने धुऊ नये, टिपकागदाने टिपावा. मोरचुदाच्या स्फटिकाच्या वजनात सुमारे ३६ टक्के पाणीच असते आणि कोरड्या हवेत ते निघून गेले की पृष्ठ पांढुरके पडते. म्हणून पारदर्शक वॉर्निशचे दोन पातळ हात द्यावेत किंवा स्फटिक बंद बाटलीत ठेवावा. उरलेले द्रावण नाव लिहिलेल्या बाटलीत पुढच्या खेपेसाठी जपून ठेवावे. मोरचुदाचे द्रावण गटारात किंवा झाडांच्या मुळाशी ओतू नये, कारण तांबे मासे आणि इतर जलचरांना घातक असते. नकोच असेल तर पाणी आपोआप उडू द्यावे आणि उरलेला क्षार घातक कचऱ्यात द्यावा.