३.७३ की ४.१०? उत्तर देण्याआधी वजन विचारा

इंडियानातल्या कोलंबसमध्ये दुकानात मराठी कानावर पडलं तर कुणी वळून बघत नाही. डिझेल इंजिनं बनवणाऱ्या कमिन्सचं मुख्यालय या गावात, आणि पुण्याशी कंपनीचं नातं १९६२ पासूनचं. मेकॅनिकलची मुलं इथे येत राहतात आणि त्यांतली काही आमच्यासारख्या पॉवरट्रेन मॅचिंगच्या (इंजिन, गिअरबॉक्स आणि ॲक्सल यांची जोडी जुळवण्याच्या) कामाकडे वळतात. त्यांना मुलाखतीत हमखास भेटणारा प्रश्न: ट्रेलर ओढायला डिझेल पिकअप घेतोय, ॲक्सल रेशो ३.७३ घेऊ की ४.१०? फटक्यात ‘४.१०’ म्हणून मोकळं झालेल्याला पुढचा अर्धा तास जड जातो. किती वजन, कोणता रस्ता, किती वेग, टायर केवढे, गिअरबॉक्स कुठला, हे विचारल्याशिवाय त्याचं उत्तर देताच येत नाही.

रेशो म्हणजे ॲक्सलमधल्या क्राऊन (मोठं चक्र) आणि पिनियनच्या (त्याला फिरवणारं लहान चक्र) दातांचा भागाकार. क्राऊनला ४१ आणि पिनियनला ११ दात असले की ३.७३, पिनियनला १० असले की ४.१०, १२ असले की ३.४२. आकडा मोठा तेवढी ओढ जास्त आणि त्याच वेगाला इंजिनही जास्त फिरणार, एवढं सगळ्यांना येतं.

मग कामाच्या पहिल्या आठवड्यातच एक सूत्र पाठ करा: मैलांतला वेग × ॲक्सल रेशो × गिअरचा रेशो × ३३६, भागिले टायरचा इंचांतला व्यास. आला तो आरपीएम, म्हणजे इंजिनाचे मिनिटाला फेरे. सॉफ्टवेअर हे सगळं करून देतं, तरी सुरुवातीला कागदावरच करा, नाहीतर आकड्याचा अंदाज येत नाही. उदाहरणार्थ, मागच्या बाजूला दुहेरी चाकं असलेला रॅम ३५०० पिकअप, टायर सुमारे ३१.८ इंच, आयसिन कंपनीचा सहा गिअरचा बॉक्स, सहावा गिअर ०.६३. ताशी ६५ मैलांना ३.७३ वर साधारण १,६१५ आरपीएम येतात, ४.१० वर १,७७५. २०१९ च्या हाय आउटपुट कमिन्स इंजिनाचा १,००० पौंड-फूट टॉर्क (फिरवण्याचा जोर) १,८०० आरपीएमला मिळतो. म्हणजे सपाट रस्त्यावर, भार असताना, ४.१० वाला त्या जागेच्या बराच जवळ पळतो. इथवर ४.१० वाल्यांचं बरोबर.

आता घाट घ्या. डेन्व्हरच्या पश्चिमेला आय-७० वर आयझेनहॉवर बोगदा आहे, ११,००० फुटांच्या वर. तिथले चढ सात टक्क्यांपर्यंत जातात. ट्रक आणि ट्रेलर मिळून २५,००० पौंड असतील आणि ताशी ५० मैलांनी चढायचं असेल, तर नुसत्या चढासाठी चाकांवर सुमारे २३३ एचपी लागतात. हवेचा अडथळा आणि टायरचं घर्षण वेगळंच. या २३३ मध्ये ॲक्सल रेशो कुठेच येत नाही. वजन, चढ आणि वेग यांनीच तो आकडा ठरतो. ती ताकद इंजिनाने किती आरपीएमला द्यायची, एवढंच रेशो ठरवतो. आणि ते काम गिअरबॉक्सही करतो, तेही जास्त जोरात. ३.७३ वरून ४.१० वर गेलात तर आरपीएम दहा टक्के वाढतात. पाचव्या गिअरवरून (०.७७) चौथ्यावर (१.००) आलात तर तीस टक्के. एक गिअर खाली टाकून तिप्पट फरक मिळत असेल, तर ४.१० साठी एवढा हट्ट कशाला?

४.१० लाही एक जागा आहे. पहिल्याच्या खाली गिअर नसतो. ट्रेलरवरची होडी पाण्यातून उतारावरून वर काढताना, चढावर थांबून पुन्हा निघताना किंवा रिव्हर्समध्ये ट्रेलर चढावर ढकलताना तुमच्या हातात फक्त पहिला गिअर (किंवा रिव्हर्स), टॉर्क कन्व्हर्टर (इंजिन आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्स यांच्यामधला, निघताना जोर वाढवणारा भाग) आणि ॲक्सल असतो. रोज जड ट्रेलर ओढणाऱ्याने ४.१० घ्यावा तो मुख्यतः यासाठी. वर, उत्पादकाने दिलेली ट्रक आणि ट्रेलर मिळून एकूण वजनाची मर्यादा बऱ्याचदा रेशोप्रमाणे बदलते. तो तक्ता न बघता ट्रक घेणारे इंजिनिअरसुद्धा मी पाहिलेत.

दहा गिअर आले आणि जुने आडाखे आणखी ढिले पडले. २०२० चा शेवरोले सिल्व्हराडो एचडी पिकअप ड्युरामॅक्स डिझेल इंजिनासोबत फक्त ३.४२ घेऊन आला, तेव्हा जुने लोक हसले होते. हिशोब करून बघा. आधीच्या सहा गिअरच्या ॲलिसन गिअरबॉक्सचा पहिला गिअर ३.१० होता, ३.७३ ने गुणलं की ११.६. नव्या बॉक्सचा पहिला ४.५४, ३.४२ ने गुणलं की १५.५. ॲक्सल ‘कमजोर’, आणि निघतानाची ओढ मात्र एक तृतीयांशाने जास्त. उलट १९९४-९८ च्या बारा व्हॉल्व्हच्या कमिन्स डॉजवर गिअर मोजके आणि गव्हर्नर (इंजिनाचे फेरे मर्यादेत ठेवणारा भाग) लवकर आडवा येतो, त्यामुळे तिथे ३.५४ की ४.१० हा वाद आजही अगदी खरा आहे. म्हणून कुणी सल्ला दिला की आधी त्याच्या ट्रकचं साल विचारा.

माझं मत विचाराल तर सहा गिअरच्या ट्रकला, वर्षातून काही वेळा कॅम्पर ओढणाऱ्याला, ३.७३ पुरे. रिकामा ट्रक कामावर नेण्यातच ज्याचे बहुतेक मैल जातात, त्याने ४.१० घेऊन डिझेल जाळू नये.

रेशो नंतर बदलून घेऊ, असं म्हणणाऱ्या गिऱ्हाईकाला दोन गोष्टी आधीच सांगा. फोर-व्हील ड्राइव्ह असेल तर पुढचा आणि मागचा दोन्ही ॲक्सल उघडावे लागतात. दोन्हीकडे वेगळे रेशो ठेवून फोर-व्हील टाकला तर ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या ॲक्सलला ताकद वाटणारा भाग) आणि शाफ्टवर ताण येऊन काहीतरी मोडतं. आणि नवं क्राऊन-पिनियन बसवल्यावर पहिले ५०० मैल ट्रेलर जोडायचा नाही, सुरुवातीला थोडं चालवून गिअर पूर्ण थंड होऊ द्यायचे.