जुलाबाची साथ आली की टाकी धुवायला धावू नका

सोसायटीच्या ग्रुपवर ‘आमच्याकडे दोघांना जुलाब लागलेत’ असा मेसेज पडला की तासाभरात टाकी धुणाऱ्याला फोन जातो. सगळ्यात मोठी चूक हीच. टाकीबरोबर पुरावाही धुऊन जातो आणि घाण शिरली कुठून, ते कळत नाही.

पुण्यात धायरीला आमच्या सोसायटीने हेच केलं. टाकी लखलखीत झाली आणि दोन आठवड्यांनी पुन्हा तीच तक्रार. तेव्हा कुठे खालच्या टाकीत बॅटरी मारून पाहिलं. ड्रेनेजच्या चेंबरकडच्या भिंतीवर प्लास्टरला चीर होती आणि तिच्यातून बोटभर रुंद ओली रेघ खाली उतरत होती.

म्हणून आधी पाणी प्यायचं थांबवा, उकळून वापरा, आणि नमुने घ्या. एक मीटरजवळच्या नळाचा, एक गच्चीवरच्या टाकीचा. पहिला चांगला आणि दुसरा खराब आला तर दोष आपल्या आवारात आहे. दोन्ही खराब आले तर दोष बाहेरच्या लाइनमध्ये असू शकतो, थेट महापालिकेचं क्षेत्रीय कार्यालय गाठा. पाणी दिवसातून ठरावीक वेळच येतं. बाकीच्या वेळी रिकाम्या लाइनमध्ये फुटक्या जोडातून आजूबाजूचं सांडपाणी ओढलं जातं. नमुना बिसलेरीच्या रिकाम्या बाटलीत नेऊ नका. प्रयोगशाळेच्या निर्जंतुक बाटलीत क्लोरीन मारणारं औषध असतं, नाहीतर वाटेतच जंतू मरून अहवाल खोटाच चांगला येतो. बर्फात ठेवून त्याच दिवशी पोहोचवा.

पाण्यात क्लोरीन आहे का हे पाहायची ओटी टेस्ट तर कुणालाही जमते. नळीत पाणी, त्यात ऑर्थोटोलिडिनचे थेंब, पिवळा रंग आला तर क्लोरीन आहे. नळाला लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम हवं. रंगच आला नाही तर सावध व्हा. टीडीएस मीटरवर मात्र विसंबू नका. तो क्षार मोजतो, जंतू नाही. तुरटीने गाळ बसतो, जंतू मरतीलच असं नाही.

दुसरी चूक प्रश्न विचारण्यातली. ‘काल बाहेर काय खाल्लं?’ कॉलरा काही तासांत ते पाच दिवसांत दिसतो, पण टायफॉइडला एक ते तीन आठवडे लागतात, आणि कावीळ हिपॅटायटिस ए किंवा ईची असेल तर दोन आठवड्यांपासून दीड-दोन महिन्यांपर्यंत. मग कालच्या भेळेवर खापर फोडून काय साधणार? वहीत फ्लॅट नंबर, त्रास सुरू झाल्याची तारीख आणि कुठलं पाणी प्यायलात ते लिहा: नळाचं, टँकरचं की जारचं. आणि जे धडधाकट आहेत त्यांनाही विचारा, हे सगळेच विसरतात. 1854 मध्ये लंडनला डॉक्टर जॉन स्नो यांनी कॉलरा पसरवणारा ब्रॉड स्ट्रीटचा पाण्याचा पंप शोधला, तेव्हा शेजारच्या बिअर कारखान्यातले कामगार कॉलऱ्यातून का वाचले, हेही पाहिलं होतं. ते त्या पंपाचं पाणी पीत नव्हते.

जानेवारी 2025 मध्ये पुण्याच्या नांदेड गाव, किरकटवाडी भागात जीबीएसचे, म्हणजे हातापायांतली ताकद घालवणाऱ्या मज्जातंतूंच्या आजाराचे, रुग्ण आढळले. काहींच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जुलाब करणारा जंतू सापडला. तेव्हापासून मी शेजारपाजारी एक गोष्ट आवर्जून सांगते. जुलाब थांबले म्हणून निर्धास्त राहू नका. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत पायाला मुंग्या आल्या, जिना चढताना पाय उचलेना, तर सकाळची वाट न पाहता मोठं रुग्णालय गाठा.