या चुका टाळा: इलेक्ट्रिशियनची अप्रेंटिसशिप करताना

आयटीआयला वीजतंत्रीची दोन वर्षं काढून पोरं साइटवर येतात तेव्हा ओहमचा नियम तोंडपाठ असतो आणि स्टार-डेल्टाची जोडणी झोपेतही काढता येते. गाडी अडते ती भलतीकडेच. कुणी म्हणालं लाइन बंद आहे, की बंद. टेस्टर पेटला नाही, की तारेत करंट नाही. एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप बंद होणारा स्विच) सारखा पडतो, म्हणजे एमसीबीच खराब. हात महिन्याभरात चालायला लागतो, पण स्वतः तपासून बघायची सवय बऱ्याच जणांना वर्ष संपलं तरी लागत नाही. पुढच्या बहुतेक चुका तिथूनच निघतात.

टेस्टरने सांगितलं म्हणजे झालं

तक्रार येते, हॉलमधलं काहीच चालत नाही. पोरगं सॉकेटच्या एका भोकात टेस्टर घालतं, दिवा लागतो. दुसऱ्या भोकात घालतं, तिथेही लागतो. लगेच निकाल: "दोन्हीकडे फेज येतोय, कुठेतरी शॉर्ट झालंय." मग सगळे बोर्ड खोलायला सुरुवात.

खरं तर शॉर्ट असतं तर एमसीबी कधीच पडला असता. फेज म्हणजे करंट आणणारी तार, न्यूट्रल म्हणजे तो परत नेणारी; इथे न्यूट्रल तुटलेला आहे. हॉलमधल्या कुठल्यातरी दिव्याचं किंवा पंख्याचं बटण चालू राहिलेलं असतं. फेज त्या दिव्यातून पलीकडे जातो, परतीची वाट नाही म्हणून न्यूट्रलच्या तारेत येऊन थांबतो, आणि टेस्टर तिथेही पेटतो. सगळी बटणं बंद करा, पिना काढा, न्यूट्रलच्या भोकातला दिवा विझेल. मीटर लावला तर फेज आणि अर्थिंगमध्ये 230 व्होल्टच्या आसपास दिसतात आणि बटणं चालू असताना फेज-न्यूट्रलमध्ये जवळपास काहीच नाही. एवढं कळलं की शोध सोपा: चालू असलेला शेवटचा बोर्ड आणि बंद पडलेला पहिला बोर्ड, या दोघांमधले न्यूट्रलचे स्क्रू बघायचे. दहापैकी आठ वेळा तिथेच सापडतं.

उलटा प्रकार जास्त घातक. टेस्टरचा दिवा तुमच्या अंगातून जाणाऱ्या अगदी बारीक करंटवर पेटतो. कोरड्या लाकडी घोड्यावर उभे असाल, भर उन्हात गच्चीवर असाल किंवा टेस्टरच बिघडला असेल, तर जिवंत तारही मेलेली वाटते. म्हणून आधी चालू सॉकेटमध्ये टेस्टर लावून बघायचा, मग कामाची तार, मग परत चालू सॉकेट. पहिल्या महिन्यात हे करताना लोक हसतात. हसू द्या.

डिजिटल मीटरही फसवतो. एकाच पाइपमधून चालू तारेच्या सोबत गेलेल्या मोकळ्या तारेवर तो खुशाल 60-70 व्होल्ट दाखवतो. अशा वेळी होल्डरला दोन तारा लावून केलेला साधा टेस्ट लॅम्प बरा. बल्ब लागला नाही, तर त्या आकड्यामागे जोर नव्हता. फक्त तो लॅम्प फेज आणि अर्थिंगमध्ये लावला की आरसीसीबी (फेज आणि न्यूट्रलच्या करंटमध्ये फरक दिसला की सप्लाय तोडणारं यंत्र) पडेल, तेव्हा घाबरून जाऊ नका.

आणखी एक, न्यूट्रलचा विषय निघालाच आहे म्हणून. थ्री फेज बोर्डावर सप्लाय चालू असताना मेन न्यूट्रल कधीही सोडवू नका, "एकच मिनिट" म्हणूनही नाही. न्यूट्रल सुटला की तिन्ही फेजवरचा लोड आपसात व्होल्टेज वाटून घेतो. ज्या फेजवर लोड कमी, तिथे 230 ऐवजी 350 किंवा त्याहून जास्त व्होल्ट जातात. टीव्ही, फ्रिज, राउटर एका झटक्यात गेले की भरपाई कोण देणार यावर भांडण होतं आणि बोट अप्रेंटिसकडेच वळतं.

"बंद केलंय ना?" "हो, केलंय"

हे उत्तर ऐकून काम सुरू करायचं नाही. खाली उभा असलेला कदाचित दुसऱ्याच कुणाला हो म्हणाला असेल. मेन बंद असला तरी इन्व्हर्टरवरचे दिवे-पंखे चालूच असतात, हे तर नवीन पोरं हमखास विसरतात. जुनी किटकॅट (हाताने उपसून काढता येणारा चिनी मातीचा फ्यूज) असलेली पेटी असेल तर किटकॅट काढून स्वतःच्या खिशात ठेवायची. वस्ताद लोकांची ही सवय कुठल्याही पाटीपेक्षा भारी. एमसीबी असेल तर लॉक लावा, नसेल तर टेप मारून चिठ्ठी लावा.

महावितरणमध्ये किंवा लाइनच्या ठेकेदाराकडे असाल तर परमिट (लाइन बंद केल्याची लेखी परवानगी), एबी स्विच (लाइन तोडणारा खांबावरचा स्विच) उघडलेला स्वतःच्या डोळ्यांनी बघणं आणि डिस्चार्ज रॉड (लाइन जमिनीला जोडणारा दांडा) लावणं, यातलं काहीही गाळून खांबाला हात लावू नका. गावात कुणीतरी जनरेटर लावलेला असतो आणि तो उलटा लाइनवर येतो. एकट्याने चढायला सांगितलं तर सरळ नाही म्हणा. शिकाऊ आहात, सोबत अनुभवी माणूस हवाच.

आरसीसीबी पडतो, मग काढून टाकू

नवीन घरांत सगळ्यात जास्त डोकं खाणारी तक्रार ही. घरमालक वैतागलेला, वस्ताद दुसऱ्या साइटवर, आणि पोरगं आरसीसीबी बायपास करून मोकळं होतं. 30 मिलिअँपिअरचं ते यंत्र माणसाचा जीव वाचवायला असतं, ते काढणं म्हणजे काम न करण्याहून वाईट.

शोधायची पद्धत अशी. सगळे एमसीबी खाली पाडा, आरसीसीबी वर करा, मग एकेक एमसीबी चढवा. ज्याच्यावर पडला त्या सर्किटवरच्या पिना काढा. गिझरचं कॉइल आणि वॉशिंग मशीन हे नेहमीचे आरोपी. पण कधी पडणं अनियमित असतं, एका सर्किटचा एमसीबी खाली असूनही दुसरीकडे लोड टाकला की पडतो. तेव्हा लक्षात घ्या, सिंगल पोल एमसीबी फक्त फेज तोडतो, न्यूट्रल जोडलेलाच राहतो. कुठेतरी न्यूट्रल अर्थिंगला टेकलाय. मेन बंद करून न्यूट्रल लिंकवरून (सगळे न्यूट्रल जिथे एकत्र येतात ती पट्टी) एकेक तार सोडवा आणि तिची अर्थिंगशी तपासणी करा.

जिन्याचा दिवा हा खास नमुना. खालच्या मजल्याचा फेज, वरच्या मजल्याचा न्यूट्रल, आणि दोन मजल्यांना दोन आरसीसीबी. बटण दाबलं की पडलाच. यात बिघाड कसलाच नाही; वायर ओढताना जवळचा न्यूट्रल सापडला म्हणून कुणीतरी जोडून टाकलेला असतो. तुम्ही तो 'कुणीतरी' होऊ नका.

आणि टेस्टचं बटण दाबल्यावर आरसीसीबी पडला म्हणजे अर्थिंग ठीक आहे, असं नाही. ते बटण यंत्राच्या आतल्या आतच फरक तयार करतं, अर्थिंगचा त्यात संबंध येत नाही.

एमसीबी मोठा टाकणे, स्क्रू अर्धा पिळणे

1.5 चौरस मिलिमीटरच्या वायरवर 10 अँपिअरचा एमसीबी पडतो म्हणून 32 चा टाकला, तर तो पडायचा थांबतो आणि भिंतीतली वायर तापायला लागते. आधी लोड मोजा. 2000 वॉटचा गिझर जवळपास 9 अँपिअर घेतो, त्याला 2.5 किंवा 4 चौरस मिलिमीटरची स्वतंत्र लाइन द्या.

काळे पडलेले सॉकेट बहुतेक वेळा ढिल्या स्क्रूचे असतात. वायर सोलताना दोन-चार तारा कापल्या जातात, किंवा स्क्रू तांब्याऐवजी इन्सुलेशनवरच बसतो आणि तीन महिने चालून मग दगा देतो. पिळून झालं की प्रत्येक तार ओढून बघायची. पाइपच्या आत जॉइंट तर मुळीच नको, जॉइंट फक्त बॉक्समध्ये.

एलईडी बल्ब बंद असूनही मिणमिणतोय? बटण न्यूट्रलमध्ये पडलंय का ते आधी बघा.

कागद

यात मुलं कामापेक्षा जास्त हरतात. साइटवर वर्षभर राबून शेवटी कळतं की करार शिकाऊ उमेदवारीच्या सरकारी पोर्टलवर नोंदलाच नव्हता. नोंद नाही तर परीक्षा नाही, आणि राष्ट्रीय शिकाऊ प्रमाणपत्रही नाही. विद्यावेतन रोख हातात देणारा मालक दिसला की सावध व्हा. ते बँकेत यायला हवं. 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्यात प्रशिक्षणादरम्यान अपघात झाला तर भरपाईची जबाबदारी मालकावर आहे, पण कागदावर तुम्ही तिथे नसालच तर ती मागणार कशी? म्हणून पहिल्या आठवड्यातच पोर्टलवर स्वतःचं खातं उघडून बघा: कराराचा क्रमांक आलाय का, ट्रेड इलेक्ट्रिशियनच लिहिलाय का, सुरुवातीची तारीख बरोबर आहे का. त्याची प्रिंट काढून घरी ठेवा.