घड्याळाच्या काचेवरची चकाकी घालवताना

बेळगावात, शहापूरच्या आमच्या घरी जपून ठेवलेल्या वडिलांच्या 'एचएमटी जनता' घड्याळाचे छायाचित्र काढताना त्याच्या काचेत खिडकी, माझे हात आणि कॅमेराही उमटत असे. प्रकाश ज्या कोनात काचेवर पडतो त्याच कोनात तो परततो, म्हणून सपाट काचेचे घड्याळ किंचित तिरके केले तरी पुष्कळदा काम भागते. परंतु 'जनता'ची ॲक्रिलिकची काच फुगीर असल्याने ती खोलीचा बराच मोठा भाग आपल्यात सामावून घेते.

पोलरायझर फिल्टरने, म्हणजे लेन्सवर बसवायच्या, ठरावीक दिशेने कंप पावणारा प्रकाशच आत सोडणाऱ्या काचेने, फारसा फरक पडला नाही. काचेच्या लंबरेषेपासून सुमारे ५६ अंशांच्या कोनातून पाहिले तरच तो काचेवरील परावर्तन जवळजवळ पूर्ण रोखतो. समोरून घेतलेल्या चित्रात त्याचा उपयोग नगण्य असतो आणि घड्याळाच्या धातूच्या कवचावरील (केसवरील) चकाकी त्याने जात नाही.

खरा उपाय काचेत काय दिसावे हे आपण ठरवण्यात आहे. मी ट्रेसिंग पेपरचा तंबू घड्याळाभोवती उभारला, एका बाजूने बाहेरून दिवा लावला आणि लेन्सपुरते भोक पाडलेला काळा कार्डशीट कॅमेऱ्यासमोर धरला, ज्यामुळे तबकडीवर काळोखाचेच प्रतिबिंब पडून आकडे स्वच्छ उमटले. खोलीतील इतर दिवे मात्र बंदच हवेत. खानापूर भागातील पावसाळी, ढगाळ दुपारचा उजेडही या कामी मला फार आवडतो, कारण तो मुळातच मऊ असतो. कॅमेरा तिपाईवर ठेवून एफ/११ छिद्रमान (म्हणजे लेन्सचे बरेच लहान उघडे छिद्र) आणि टायमर वापरावा. काटे १० वाजून १० मिनिटांवर ठेवल्यास तबकडीवरील नाव झाकले जात नाही.