गूगल क्लासरूमवरून पालकांना कळवताय? आधी या चुका टाळा

आमच्या स्टाफरूममध्ये दर जुलैत तेच रडगाणं, मॅडम पालकांना मेल जातच नाही, नाहीतर मॅडम मेल गेला आणि पालक भडकलेत. नवीन शिक्षकाला सगळं एका दिवसात उरकायचं असतं, म्हणून आज क्लास उघडला, उद्या पन्नास पालकांना पोराच्या कामाचा आठवड्याचा मेल मिळावा म्हणून इन्व्हाइट आणि परवा माझ्या टेबलाशी उभा.

इन्व्हाइट पाठवलं म्हणजे काम झालं असं नसतं. पालकाने मेल उघडून ॲक्सेप्ट करावं लागतं, तेही १२० दिवसांत, नाहीतर ते बाद होतं. आणि आपल्याकडे अर्ध्या पालकांचा जीमेल मोबाईलच्या दुकानदाराने फोन घेताना काढून दिलेला, पासवर्ड त्यालाच माहीत. मी तर पालकसभेलाच फोन हातात घेऊन ॲक्सेप्ट करून घेते, एकेकाला पाच मिनिटं लागतात, लागू देत.

आता माझी स्वतःची चूक सांगते. आठवीला गणित होतं, समांतर रेषांचे प्रॅक्टिस सेट मी क्लासरूमवर असाइनमेंट म्हणून टाकायचे, ड्यू डेट पण द्यायचे. पोरं वहीत सोडवायची, मी वर्गात तपासून लाल पेनने सही करायचे. क्लासरूमवर कुणी टर्न इन, म्हणजे जमा, केलंच नाही, कारण मी तसं कधी सांगितलंच नव्हतं. मला वाटायचं वह्या तपासल्या, विषय संपला. पण क्लासरूमला वही थोडीच दिसते. शुक्रवारी पालकांना आठवड्याचा मेल गेला, सहा कामं मिसिंग, म्हणजे मुदतीत जमाच नाहीत! वर्गात असे मेल नीट वाचणारे पालक तीन-चारच, त्यातल्या एका वडिलांनी पोरीला शनिवार-रविवार घराबाहेर पडू दिलं नाही. सोमवारी प्रिंटआउट घेऊन शाळेत हजर, पोरगी मागे वही छातीशी धरून. वही उघडली तर सहाच्या सहा ठिकाणी माझी सही, तारखेसकट. वडील म्हणाले, "मग मॅडम, मी दोन दिवस हिला कशासाठी बोललो?" पोरीसमोरच त्यांची माफी मागितली, दुसरं काय करणार.

तेव्हापासून वहीतलं काम मी असाइनमेंटऐवजी मटेरियल, म्हणजे नुसतं साहित्य, म्हणून टाकते, त्याला ड्यू डेटच नसते, त्यामुळे मिसिंगची भानगड नाही. असाइनमेंटच द्यायची असेल तर घरी गेल्यावर मार्क ॲज डन दाबा हे पोरांकडून चार वेळा वदवून घेते.

याच्या उलटंही होतं बरं का, असाइनमेंटला ड्यू डेट टाकलीच नाही तर ती मेलच्या मिसिंगमध्येही येत नाही आणि येणाऱ्या कामांतही नाही, मग आम्हाला कळवलंच नाही म्हणून पालक ओरडतात.

पालकांना जोडायचा गार्डियनचा ऑप्शन सापडत नाही? बहुतेक क्लास स्वतःच्या साध्या जीमेलवर काढलाय तुम्ही. शाळेच्या एज्युकेशन अकाउंटवरूनच काढायचा.

मार्क टाकलेत पण पोरांना दिसत नाहीत? रिटर्न दाबा.

आणि कृपा करून अख्ख्या वर्गाच्या मार्कशीटचा फोटो व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. एकेकाला कोण पाठवत बसणार म्हणे. अहो, त्या ग्रुपवर काका, मामा, शेजारी सगळे असतात, ज्याला ११ पडलेत त्याची गल्लीभर चर्चा होते. ग्रुपवर फक्त 'युनिट टेस्टचे मार्क क्लासरूमवर टाकलेत' एवढंच लिहायचं आणि मेसेज पाठवण्याचा अधिकार ॲडमिनपुरता ठेवायचा, म्हणजे आपली सूचना गुड मॉर्निंगच्या फुलांखाली गाडली जात नाही. ज्या पालकाशी खरंच बोलायचंय त्याला मी फोन करते, संध्याकाळी सातनंतर, तेव्हा बहुतेकांची ड्युटी सुटलेली असते.

एक सवय अजून. शाळेच्या ॲडमिनकडून मी एक डमी विद्यार्थी मागून घेतलाय, तो माझ्या प्रत्येक क्लासमध्ये आहे आणि त्याची पालक मीच. शुक्रवारी त्याचा मेल मला येतो. गेल्या आठवड्यात त्याचीही दोन कामं मिसिंग होती.