तळवे, नखं आणि परकराची नाडी: स्किन कॅन्सरसाठी घरच्या घरी अंग कसं बघायचं

स्किन कॅन्सर म्हटलं की आपल्याकडे उत्तर ठरलेलं, तो गोऱ्यांचा आजार, आपण तर जन्मभर उन्हात आहोत. सावळ्या कातडीला उन्हापासून बरंच संरक्षण असतं हे खरंय, पण आपल्यात तो बऱ्याचदा निघतो तो भलत्याच जागी, तळपायाला, नखाखाली, जुन्या भाजलेल्या व्रणावर, म्हणून आधी तिथेच बघायचं.

कॅलेंडरचं पान उलटलं की आंघोळ करून पडवीत उजेडाला बसा. पाय दगडाने खसाखसा घासून घ्या, आपली तांबडी माती भेगांत अशी बसते की तीच डाग वाटते. मग टाचा, तळवे, बोटांच्या बेचक्या. माझ्या आत्याच्या टाचेवर काळा ठिपका होता, ती म्हणे "काय नाय तां, कुरूप आसा" आणि वर्षभर ब्लेडने तासत बसली. नशिबाने तिचं काही निघालं नाही, पण ठिपका काळा असेल, पसरत असेल तर तासायचा नाही, दाखवायचा.

नखं बघताना एकाच नखात उभी काळपट रेघ आली आणि रुंद होत चालली, किंवा रंग नखाबाहेर कातडीवर उतरला तर थांबू नका. पायावर चिऱ्याचा दगड पडून नखाखाली रक्त साकळलं असेल तर तो डाग नखाबरोबर पुढे सरकतो, रेघ तशी सरकत नाही.

आता कंबर, आणि इथे बायका हमखास टाळाटाळ करतात. परकराची नाडी वर्षानुवर्षं एकाच जागी करकचून बांधली की तिथली कातडी काळी, जाड होते, खपल्या धरतात, आणि क्वचित तिथेच कॅन्सर होतो. धोतराच्या घट्ट गाठीने होणाऱ्या अशाच कॅन्सरबद्दल टाटा मेमोरियलच्या डॉ. खानोलकरांनी 1945 सालीच लिहून ठेवलंय. नाडीऐवजी रुंद पट्टा लावा, जागा बदलत राहा.

तीळ बघताना दोन्ही अर्धे सारखे नाहीत, कडा वेड्यावाकड्या, एकात दोन-तीन रंग, 6 मिमीहून मोठा, आणि मुख्य म्हणजे बदलतोय का. पट्टी शेजारी धरून मोबाइलवर फोटो काढा, पुढच्या महिन्यात जुळवा. पाठ घरच्यांकडून बघून घ्या. काजूच्या टरफलाच्या तेलाने पोळलेला डाग हळूहळू फिका होत असेल तर त्याची धास्ती नको.

चार आठवड्यांत न भरणारी, परत परत रक्त येणारी जखम असेल, नाकावर असो की खालच्या ओठावर, तर मलम बदलत बसू नका, चुना लावू नका, आणि चामखीळ समजून घोड्याचा केस तर मुळीच बांधू नका. स्किनच्या डॉक्टरकडे जा. ते जागा बधिर करून छोटा तुकडा तपासायला काढतील, त्याने कॅन्सर पसरतो ही नुसती वावडी आहे. जाताना नेलपॉलिश तेवढं पुसून जा.