"कुजणारा" मल्चिंग पेपर घेताय? आधी हातभर तुकडा आपल्या रानात पुरून बघा (ठाणे जिल्हा, ऑक्टोबर-नोव्हेंबर)

हळवं भात घरात आलंय, गरवं अजून उभं आहे, आणि दिवाळी झाली की शहापूर-मुरबाडकडे भेंडी, काकडी, कारल्याची गडबड सुरू होणार, कोणी कलिंगड धरणार, कोणी खाचरातल्या ओलीवर वाल टाकणार. याच दिवसांत दुकानात मल्चिंगचे, म्हणजे तण दाबायला आणि ओल धरायला वाफ्यावर अंथरायच्या प्लास्टिक पेपरचे, रोल येतात आणि हल्ली त्यात एक "बायो" वाला रोल असतोच, साध्यापेक्षा महाग. दुकानदार सांगतो की पीक निघालं की नांगरून टाका, काढायची मजुरी नाही, सहा महिन्यांत मातीत जातो. रोपांच्या कुजणाऱ्या पिशव्या, कुजणारी दोरी, कागदी कप, सगळ्यांबद्दल हेच बोललं जातं. माझं म्हणणं एवढंच आहे की या सीझनला पूर्ण रोल घेऊ नका, मीटर-दोन मीटर मागून घ्या, आत्ता पुरा, आणि पुढच्या वर्षीची खरेदी त्यावर ठरवा.

कारण तो सहा महिन्यांचा आकडा कुठून येतो ते बघा. कंपोस्टेबल, म्हणजे खताच्या ढिगात कुजणाऱ्या, मालासाठी आपल्याकडे आयएस/आयएसओ १७०८८ हे स्टँडर्ड आहे, त्यात १८० दिवसांत ९० टक्के कार्बनचा कार्बन डायऑक्साइड व्हायला पाहिजे, पण ती टेस्ट होते साधारण ५८ अंशाला, म्हणजे मोठ्या कारखान्यासारख्या कंपोस्ट प्लँटमधल्या गरम ढिगात. आपल्या रानात वीतभर खाली एवढी गरमी कधीच नसते, हिवाळ्यात तर पंचवीसच्या आसपास धरा. मक्याच्या स्टार्चपासून केलेलं पीएलए नावाचं प्लास्टिक ५५-६० अंशाच्या आसपास मऊ पडतं आणि त्यानंतरच भराभर तुटायला लागतं, थंड मातीत ते वर्षानुवर्षं तसंच पडून राहू शकतं. पीबीएटी (कुजणारं दुसरं एक मऊ प्लास्टिक) आणि स्टार्च मिसळलेला पेपर मातीत त्यापेक्षा बरा कुजतो. खास मातीत कुजणाऱ्या मल्चिंगसाठी युरोपात २०१८ साली ईएन १७०३३ नावाचं वेगळं स्टँडर्ड केलं, त्यातसुद्धा मुदत दोन वर्षांची आहे, २५ अंशाच्या आसपास लॅबमध्ये. म्हणजे चांगल्यातला चांगला पेपरही मे महिन्यात गायब होईल असं धरू नका, आणि नाही झाला म्हणून लगेच फसवणूकही समजू नका.

फसवणूक खरी ती ऑक्सो-डिग्रेडेबलची. ते साधंच पॉलिथिन असतं, त्यात ऊन लागल्यावर तुकडे पडावेत म्हणून केमिकल घातलेलं असतं. वरून दिसायला पेपर गेला, पण मातीत नखाएवढे, मग तिळाएवढे तुकडे राहतात, ते वेचता पण येत नाहीत. युरोपियन युनियनने २०२१ पासून असल्या मालावर बंदी घातली. आपल्या नियमाप्रमाणे कंपोस्टेबल पिशवीवर तसं लिहिलेलं पाहिजे आणि बनवणाऱ्याकडे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं सर्टिफिकेट पाहिजे. आणि २०२४ च्या दुरुस्तीनंतर "बायोडिग्रेडेबल" म्हणून विकायचं असेल तर किती दिवसांत आणि कुठे, मातीत का पाण्यात का आणखी कुठे, हे लेबलवर यायला हवं. नुसतं हिरवं पान छापलंय आणि आकडाच नाही, तर तो रोल परत ठेवा.

दुकानातच करता येण्यासारखी एक गोष्ट सांगतो. पेपरचा दोन बोटांएवढा तुकडा कापा, पाण्याच्या ग्लासात साबणाचा एक थेंब टाका, तुकडा बोटाने आत दाबून त्याला चिकटलेले बुडबुडे काढा आणि सोडा. साधं पॉलिथिन पाण्यापेक्षा हलकं, ते वर येतं. पीएलए, पीबीएटी पाण्यापेक्षा जड, ते तळाला जातं. तरंगला तर "पूर्ण कुजणारा" हा दावा तिथेच संपला. बुडाला म्हणून मात्र खात्री नाही हं, कारण चुनखडीची पूड भरलेलं पॉलिथिन पण बुडतं, त्यामुळे पुढचं काम रानातच करायचं.

आता पुरायचं कसं. मच्छरदाणीच्या नायलॉन जाळीच्या पोस्टकार्डाहून थोड्या मोठ्या पिशव्या शिवून घ्या, दोरा नायलॉनचाच किंवा मासेमारीचा तंगूस, सुती दोऱ्याने शिवली तर आधी तोच कुजेल आणि पिशवी उघडी पडेल. आत १० बाय १० सेंटीमीटरचा तुकडा सपाट ठेवा, दुमडू नका. ज्या ज्या वस्तूबद्दल शंका आहे तिच्या सहा-सहा पिशव्या करा: मल्चिंग पेपर, रोपाच्या पिशवीचा तुकडा, सुतळी, काथ्याची दोरी. नावं मार्करने लिहू नका, पुसली जातात, कोल्ड्रिंकच्या कॅनचा पत्रा कापून त्यावर खिळ्याने कोरा आणि तारेने बांधा. साधारण १० ते १५ सेंटीमीटर खोल, म्हणजे नांगर-पॉवर टिलर जिथे पेपर गाडतो त्याच थरात, आडव्या ठेवा आणि वर तीच माती दाबून टाका, पोकळ ठेवली तर तुकड्याला माती लागतच नाही.

आणि सोबत प्रत्येक ठिकाणी जुन्या शंभर टक्के सुती कपड्याचा तुकडा पुराच, धोतर-बनियन काहीही चालेल, टेरिकॉट नको. हे सगळ्यात महत्त्वाचं आहे आणि लोक नेमकं हेच सोडतात. लॅबमध्येसुद्धा प्रत्येक टेस्टला सेल्युलोज सोबत ठेवतात आणि ते नीट कुजलं नाही तर सगळी टेस्ट रद्द धरतात. सुती कापूस म्हणजे जवळजवळ सगळं सेल्युलोज. जिवंत, ओल्या मातीत दोन महिन्यांत त्याच्या चिंध्या झालेल्या दिसतात. तुमचा सुती तुकडा जानेवारीत पण धडधाकट निघाला तर दोष पेपरचा नाही, तिथे ओल नाही किंवा मातीत जीव नाही, मग पेपरबद्दल काहीच बोलता येणार नाही. म्हणूनच पिशव्या ड्रिपच्या लाइनजवळ, वाफ्यात पुरा. कोरडवाहू वालाच्या खाचरात पुरल्या तर पौष येईपर्यंत ओल उडालेली असते आणि जंतू झोपलेले.

जमीन बदलली की उत्तर बदलतं, त्यामुळे शेजाऱ्याचा अनुभव आपला धरू नका. वरकस तांबडी जमीन पाणी धरत नाही, तिथे वाळवी पण असते, ती सुतळी, कापूस, कागद खाऊन टाकते आणि आपल्याला वाटतं कुजलं. जाळीवर मातीच्या बारीक नळ्या दिसल्या तर ती वाळवी, ती पिशवी हिशोबात धरू नका. खाचराची चिकण जमीन हिवाळ्यात उत्तम काम करते पण पावसाळ्यात पाणी साचून हवा कोंडते, दोन-अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या आपल्या जिल्ह्यात हे चार महिने कुजणं मंदावतं. खाडीकाठची खाजणं, ठाण्यापासून ऐरोली-बेलापूरपर्यंत ज्यांची थोडीफार शेती उरली आहे त्यांची, तिथे क्षारामुळे जंतू कमीच, तिथे प्रत्येक गोष्टीला जास्त वेळ धरा. रानडुकरांचा त्रास असेल तिथे वर काटेरी फांद्या टाका, उकरून ठेवतात.

पहिली पिशवी डिसेंबरच्या मध्याला काढा, दुसरी जानेवारीअखेर, मग मार्चमध्ये, मग मेमध्ये नांगरणीच्या आधी. दोन तशाच राहू द्या, त्या पावसाळा संपल्यावर काढायच्या. काढताना कुदळ लांबून मारा, हाताने माती सरकवा. तुकडा पाण्यात हलकेच बुडवून माती सोडवा, घासू नका, सावलीत वाळवा. वजन करायच्या भानगडीत पडू नका, २० मायक्रॉनच्या एवढ्या तुकड्याचं वजनच पाव ग्रॅमच्या आसपास असतं, चिकटलेली माती त्याहून जास्त भरते, घरचा काटा काही दाखवणार नाही. त्यापेक्षा मुलांच्या वहीतला आलेखाचा कागद घ्या, त्यावर तुकडा ठेवून वर काच ठेवा, मोबाइलने फोटो काढा. एक-एक सेंटीमीटरच्या १०० चौकटींपैकी किती झाकलेल्या राहिल्या ते मोजा आणि वहीत लिहा, सोबत सुती तुकड्याचा पण फोटो.

पण चौकटी मोकळ्या झाल्या म्हणजे कुजलं असं नाही, हे नीट समजून घ्या. भोकं पडणं वेगळं आणि जंतूंनी खाणं वेगळं. पिशवीतली आणि तिच्या खालची ओंजळभर माती बादलीत कालवा, बारीक चाळणीतून धुवा, दोन मिलिमीटरची मिळाली तर उत्तम, कारण कंपोस्टच्या टेस्टमध्ये पण १२ आठवड्यांनी हीच चाळणी लावतात आणि वर १० टक्क्यांपेक्षा जास्त राहायला नको असतं. चाळणीत काय अडकलं आणि बादलीत वर काय तरंगतंय ते दोन्ही बघा. चिंधीसारखे, बोटाने चुरल्यावर लगदा होणारे तुकडे असतील तर काम चालू आहे. काळे, कडक, कोन असलेले, ओढल्यावर ताणणारे तुकडे तरंगत असतील तर तो माल रानात घालू नका. चहाचा कागदी कप पुरलात तर हे अगदी उघड दिसतं. महिना-दोन महिन्यांत कागद जातो आणि आतला पारदर्शक पातळ कप, कपाच्याच आकाराचा, मातीने भरलेला हातात येतो. त्या कपात काकडीची रोपं करून कपासकट लावणारे आहेत, त्यांनी हा एकदा पुरून बघावाच, मुळं त्या पापुद्र्यातच गोल फिरत राहतात.

ज्यांना आणखी खोलात जायचंय, आणि शाळेतल्या पोरांकडून विज्ञान प्रदर्शनासाठी करून घ्यायला पण छान आहे, त्यांनी बरण्यांचा प्रयोग करावा. दोन सारख्या काचेच्या बरण्या, दोन्हीत सारखी ओलसर माती, एकीत वस्तूचे बारीक तुकडे मिसळा, दुसरीत नुसती माती. दोन्हीत छोट्या वाटीत चुन्याची निवळी ठेवा, खायचा चुना पाण्यात कालवून रात्रभर ठेवला की वरचं नितळ पाणी तेच. झाकणं घट्ट लावा. जंतू खातात तेव्हा कार्बन डायऑक्साइड सोडतात आणि निवळीवर पांढरी साय धरते. नुसत्या मातीतही थोडी धरणारच, बघायचं ते दोघांतलं अंतर. निवळी दर दोन-तीन दिवसांनी बदला, चुन्याचा हात डोळ्याला लावू नका. आकडा मिळणार नाही, पण लॅबवाले अशीच हवा मोजतात, फक्त त्यांची यंत्रं बारीक असतात. सुती कापडाची बरणी लवकर बोलते, पेपरला धीर धरायला लागतो.

एक उलटी बाजू पण तपासा. लवकर कुजणं हे पण नुकसानच. मांडवाची सुतळी कारल्याचा शेवटचा तोडा होईपर्यंत टिकली पाहिजे, वेल भरलेला असताना तुटली तर माल जमिनीवर. म्हणून तिचा एक तुकडा पुरायचा आणि एक मांडवावर उन्हात बांधून ठेवायचा, दर महिन्याला दोन हातांनी झटका देऊन बघायचा. मल्चिंग पेपर पण मधोमध नाही फाटत, जिथे कडा मातीत दाबलेली असते त्या रेषेवर आधी विरतो, मग वारा आत शिरतो आणि पेपर फडफडायला लागतो, भेंडीची कोवळी झाडं घासून मोडतात. त्यामुळे पाच-सात फुटांचा एक तुकडा एका वाफ्यावर अंथरूनच बघा आणि कडेची ती रेष दर आठवड्याला चालताना पाहा. कलिंगड, भोपळ्याखाली तो अर्धवट विरलेला पेपर फळाला चिकटतो आणि धुतल्यावरही डाग राहतो, मार्केटला भाव पडतो, तर फळाखाली पेंढा सरकवा. आणि उरलेला रोल पुढच्या वर्षीसाठी ठेवू नका, आपल्या पावसाळी दमट हवेत तो पडवीतच नरम पडतो, लागेल तेवढाच घ्या.

ठाण्या-नेरुळच्या गच्चीवर भाजी करणाऱ्यांनी आणि सोसायटीचं खत उचलणाऱ्यांनी हिरव्या कंपोस्टेबल कचरा-पिशव्यांवर लक्ष ठेवा. सोसायटीचा खड्डा क्वचितच तेवढा गरम होतो, त्यामुळे पिशवीच्या चिंध्या खतात तशाच येतात. शहरी कंपोस्ट ४ मिलिमीटरच्या चाळणीतून ९० टक्के जायला हवं असा खत नियंत्रण आदेशात निकष आहे, तेव्हा ट्रॉली उतरवून घेण्याआधी एक घमेलं चाळून बघायला संकोच करू नका. सणाच्या हारांचं निर्माल्य घेत असाल तर दोरे आधी काढा, बरेचसे नायलॉनचे असतात.

मेची पिशवी काढली की त्या जागची माती एका कुंडीत आणि थोडं लांबची माती दुसऱ्या कुंडीत भरून दोन्हीत मेथी नाहीतर मूग पेरा. उगवण सारखी आली, चाळणी स्वच्छ निघाली आणि निम्म्याहून जास्त चौकटी मोकळ्या झाल्या असतील तर पुढच्या सीझनला एका गुंठ्यावर घालायला हरकत नाही, सगळ्या रानावर नाही. यातलं एक जरी बसलं नाही तर भाताचा पेंढा आहेच आपल्याकडे, फक्त तो कुजताना नत्र ओढतो म्हणून पिकाला युरियाचा हात थोडा लवकर द्या. आणि नांगरणीच्या आधी ज्या दोन पिशव्या ठेवल्यात त्यांच्यावर बांबूची उंच खूण ठोका, ट्रॅक्टरवाल्याला दाखवून ठेवा, नाहीतर पावसानंतर शोधायला काहीच उरत नाही.